रिकाम्या खुर्च्या मोजायला

परत येऊन महिना होत आला, तरी माझ्या लॅपटॉपच्या पिशवीला सुक्या जवळ्याचा वास येतो. पुण्यातल्या आमच्या ऑफिसात दोघांनी नाकाला रुमाल लावून चौकशी केली. मी पिशवी धुतलेली नाही आणि एवढ्यात धुणारही नाही.

रायगडच्या किनाऱ्यावर लोक जातात ते पोहायला, मासे खायला, फार तर एखादा किल्ला बघायला. मी गेले ते खुर्च्या मोजायला. हे ऐकून आमच्या शेजारच्या काकू म्हणाल्या, "एवढ्या लांब? खुर्च्या इथं नाहीत का?" तेव्हा आधी माझा धंदा सांगितलेला बरा.

हल्ली मोठ्या ऑफिसांमध्ये प्रत्येकाला ठरलेली जागा नसते. सकाळी फोनवर टेबल राखून ठेवायचं, मिटिंगसाठी खोली राखून ठेवायची, येणाऱ्या पाहुण्याचा पास काढायचा. हे सगळं सांभाळणारी सॉफ्टवेअरं निघाली आहेत, आणि त्यातलं प्रत्येक स्वतःला सगळ्यात भारी म्हणवतं. आम्ही चार जण ती वापरून बघतो आणि कोणतं कशात चांगलं, कशात कच्चं ते छापतो. विकणाऱ्यांपैकी कुणाचेही आम्ही मिंधे नाही, याचा मला जरा जास्तच अभिमान आहे. आमच्या संकेतस्थळावर एक कट्टाही आहे. देशभरातली ऑफिसं सांभाळणारी मंडळी तिथे एकमेकांना प्रश्न विचारतात, आणि बरेचदा आमच्यापेक्षा चांगली उत्तरं देतात.

त्या कट्ट्यावर न्हावा शेव्याच्या सुनंदाताईंनी एक ओळ लिहिली होती. "खुर्ची रिकामी असली म्हणजे जागा रिकामी असते का?" कुणी उत्तर दिलं नाही. मी माझ्याच अहवालाचा दुवा चिकटवला आणि कामाला लागले. चार दिवसांनी त्यांचा फोन आला.

"मॅडम, तुमचा अहवाल वाचूनच मी हे सॉफ्टवेअर साहेबांना घ्यायला लावलं. मोकळी जागा ओळखण्यात पहिलं, असं तुम्ही लिहिलं होतंत. आता त्याच्याच तक्त्यावरून आमची वरची खोली एक तारखेपासून बंद करतायत. एकदा येऊन तुमच्या डोळ्यांनी बघाल का?"

आवाजात तक्रार नव्हती. ती असती तर मी कदाचित गेले नसते.

न्हावा शेवा, शनिवार

मी सोलापूरची, माग चालवणाऱ्याची मुलगी. समुद्र मी शाळेच्या सहलीत एकदा पाहिला होता, तोही लांबून, कारण बाईंनी रांग सोडू दिली नव्हती. त्यामुळे पनवेल सोडून बस बंदराच्या रस्त्याला लागली आणि कंटेनरच्या भिंती सुरू झाल्या, तेव्हा माझं तोंड उघडं पडलं ते बराच वेळ मिटलं नाही. तांबडे, निळे, हिरवे, घराएवढे लोखंडी डबे, एकावर एक रचलेले, नजर पोचेल तिथवर. त्यांच्या डोक्यावर क्रेन. एक क्रेन तो घराएवढा डबा उचलत होती आणि आमची आई फडताळातून पिठाचा डबा काढते तितक्याच बिनधास्तपणे बाजूला ठेवत होती. हे सगळं कुठून येतं, कुठे जातं, आणि कुठला डबा कुणाचा हे कुणाला तरी ठाऊक असतं, या विचारानंच मला धडकी भरली.

ते ठाऊक असणाऱ्यांपैकी काही जण सुनंदाताईंच्या ऑफिसात बसतात. दुमजली इमारत, समोरून ट्रेलरची रांग, मागे खाडी आणि मिठागरं. कंपनी मालाचे कागद करते. कंटेनर आला की त्याची कागदपत्रं तपासायची, यार्डात जाऊन तो बघायचा, कस्टमचं काम उरकून बाहेर काढायचा. सुनंदाताई पन्नाशीच्या, कमरेला किल्ल्यांचा जुडगा, चालणं भरभर. नाष्ट्याला तांदळाच्या पिठाची तळलेली गोड बोरं आणि चहा देऊन त्या मला थेट वरच्या खोलीत घेऊन गेल्या.

चोवीस टेबलं होती. निम्म्या खुर्च्या रिकाम्या. तरी मला बसायला त्यांनी दाराजवळ एक प्लॅस्टिकची खुर्ची आणून दिली. चांगल्या गाद्यांच्या एवढ्या खुर्च्या पडल्या असताना मला प्लॅस्टिक. मी मनात नोंद केली आणि जरा फुगलेही.

मग दिवसभर मोजलं. दर तासाला खोलीत किती माणसं ते वहीत लिहायचं आणि सॉफ्टवेअर काय म्हणतं ते शेजारी लिहायचं. हे सॉफ्टवेअर साधं आहे. टेबलाखाली एक डबी बसवलेली असते. माणूस उठून गेला की ती ओळखते आणि पाव तासानं ती जागा "मोकळी" म्हणून नोंदते. दहाला बारा मोकळ्या, अकराला तेरा, दुपारी पुन्हा बारा. माझी वही आणि त्यांचा तक्ता तंतोतंत जुळत होते.

रिकाम्या टेबलांवर स्टीलचा एकेक पेला पालथा ठेवलेला होता. ट्रेलरची धूळ फार, म्हणून असेल, असं मी गृहीत धरलं. स्वच्छतेला मनातल्या मनात चांगले गुणही दिले.

खिडकीपाशी रुबिना नावाची तिशीतली बाई होती. ती चाकाच्या खुर्चीवरून स्वतःच्या आणि शेजारच्या रिकाम्या टेबलाच्या मध्ये सारखी सरकत होती. दुपारी ती अर्धा तास घरी गेली. सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, त्यांना भरवून येते, असं सुनंदाताईंनी सांगितलं. खोली बंद झाली की वरची सगळी माणसं नव्या मुंबईच्या मुख्य ऑफिसात जाणार होती. रुबिनाच्या बाबतीत त्याचा अर्थ एकच होता.

संध्याकाळी वही मिटून मी सुनंदाताईंना म्हटलं, "मला वाईट वाटतंय, पण आकडे बरोबर आहेत."

त्या रागावल्या नाहीत. किल्ल्या कमरेला खोचत म्हणाल्या, "उद्या रविवार. माझ्या माहेरी चला, रेवदंड्याला. मुक्कामाला आलेला माणूस आमच्याकडून मासळी न खाता जात नाही."

वाईट बातमी दिल्यावर जेवायला बोलावणारी बाई मी पहिल्यांदाच पाहत होते. नाही म्हणायला तोंड नव्हतं.

रेवदंडा, रविवार

करंजाहून रेवसला लाँचनं गेलो. पाणी ओहोटीला लागलं होतं, म्हणून लाँच चालवणारा तांडेल घाई करत होता. मधोमध आल्यावर एका बाजूला बंदराच्या क्रेन आणि दुसऱ्या बाजूला नुसती हिरवी किनार, असं दोन्ही एकाच वेळी दिसलं. सुनंदाताई म्हणाल्या, "सासर तिकडं, माहेर इकडं," आणि शेंगदाण्याची पुडी पुढे केली. मला काही खाववेना. एवढं पाणी आपल्याला तोलून धरतंय, हेच मला पटत नव्हतं.

रेवसला उतरताना माझा पाय कडेच्या चिखलात गेला. पाय वर आला, सँडल आली नाही. एका बाईनं हात कोपरापर्यंत घालून ती काढली, तेव्हा तिचा पट्टा तुटलेला होता. अलिबागहून पुढे रिक्षात मी सुनंदाताईंच्या जुन्या रबरी चपला घालून बसले होते, त्या दोन बोटं मोठ्या. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नारळी-पोफळीच्या वाड्या, मधूनच विहीर, मधूनच कुणाचं तरी कौलारू घर आणि पायरीवर सोललेली सुपारी. आमच्याकडे एक झाड जगवायला माणूस जन्म घालवतो. इथे झाडांना जरा सरका म्हणायची वेळ.

रेवदंड्याला तटबंदीच्या अवशेषांना वळसा घालून खाडीच्या तोंडाशी आलो आणि मासळी वाळवायची जागा दिसली. मला जे वाटलं ते सरळ सांगते: देवळात गेल्यावर वाटतं तसं वाटलं. बांबूंच्या आडव्या काठ्यांवर बोंबील जोडीजोडीनं लटकत होते, शेकडो, वाऱ्यावर एकदम हलणारे. त्यांच्या खाली आणि पुढे जमिनीवर जवळ्याची गुलाबी पसरण, चौकोनाला लागून चौकोन. मध्ये ना दोरी, ना खडूची रेघ. बायका वाकून हातानं जवळा परतत होत्या. कुणी कुणाला विचारत नव्हतं, आणि तरी कुणाचा पाय दुसरीच्या चौकोनात पडत नव्हता.

मी एवढी वर्षं जागावाटपावर लिहिते आहे. इतकं नीट वाटप मी काचेच्या एकाही इमारतीत पाहिलेलं नव्हतं.

ऊन चढलं होतं, चपला बोचत होत्या. दोन चौकोनांच्या मध्ये हातभर मोकळी जागा आणि तिथे एक टोपली पालथी पडलेली दिसली. बसायला सोय केली आहे, असं वाटलं. मी पिशवी शेजारच्या चौकोनाच्या कडेवर टेकवली आणि टोपलीवर बसले.

सगळ्या बायकांचे हात थांबले. सुनंदाताई लांब उभ्या होत्या, त्यांनी डोळे मिटून घेतले. पलीकडून एक म्हातारी आली, लुगड्याचा काष्टा, हात कोपरापर्यंत जवळ्यानं माखलेले. त्या सुनंदाताईंच्या आई, हिराबाई.

"उठ गो बाय," त्या म्हणाल्या. "ती जागा चालू हाय."

"पण इथे कुणीच नाही," मी म्हटलं.

"पार्वती बाजारात गेलीय सुकट घेऊन. ती न्हाय, पन तिची जागा हाय. टोपली पालथी दिसत न्हाय?"

मी उठले. टोपलीचं बूड जरासं दबलं होतं. हिराबाईंनी ती उचलून मुठीनं ठोकून सरळ केली आणि होती तशी पालथी ठेवली. मग पार्वतीच्या चौकोनापाशी, माझ्या पिशवीखाली जवळा चिरडला होता तिथे, बसकण मारून त्यांनी तो परतायला घेतला. स्वतःचा आधीच परतून झाला होता. पार्वती परत येईपर्यंत दोन्ही चौकोन त्यांचे. पुढच्या आठवड्यात त्या बाजारात जातील तेव्हा दोन्ही चौकोन पार्वतीचे.

"आणि टोपलीच नसली तर?" मी विचारलं.

"तर ती आजारी, न्हायतर गावाला गेली. मंग ती जागा मोकली. कोनीपन पसरा."

"कुणी टोपली ठेवून आलीच नाही तर?"

हिराबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की मी विचारायला नको होतं हे मला कळलं. "टोपली खोटी कशी ठेवंल?" त्या म्हणाल्या.

जागा राखून ठेवून न येणारी माणसं हा आमच्या व्यवसायातला सगळ्यात जुना रोग आहे. त्यावर दरवर्षी नवी सॉफ्टवेअरं निघतात. इथे तो रोगच नव्हता. आणि तेवढ्यात मला वरच्या खोलीतले स्टीलचे पालथे पेले आठवले. 

मी सुनंदाताईंकडे वळले. "ते पेले तुम्ही सुरू केलेत?"

"पहिल्या दिवसापासून," त्या म्हणाल्या. "आमच्यात दोघादोघांची जोडी असते. एक यार्डात, एक टेबलावर. जाणारा पेला पालथा घालून जातो. मागे राहिलेला दोघांचं काम बघतो. त्याचा फोन घेतो, त्याचे कागद पुढं सरकवतो. रजेवर असला तर पेला कपाटात. तेव्हाच ती खुर्ची रिकामी."

"हे मला काल का नाही सांगितलंत?"

"साहेबांना सांगितलं होतं. म्हणाले, बहाणे नकोत, तक्ता बघा. तुम्हीही वहीच बघत होतात. सांगून पटत नाही ते, बसून पटतं."

बसून तर मला चांगलंच पटलं होतं.

दुपारी हिराबाईंच्या ओटीवर जेवलो. तांदळाची पांढरीशुभ्र भाकरी, ओल्या बोंबलाचं कालवण आणि कांदा घालून परतलेला जवळा. आमची ज्वारीची भाकरी मोडताना आवाज करते, ही रुमालासारखी घडी होते. मी काटा गिळेन म्हणून हिराबाई माझ्या ताटातला मासा सोलून देत होत्या, आणि एवढी शिकलेली बाई म्हणून सगळ्यांना सांगत होत्या. तिथेच मी उरलेला प्रश्न विचारला. सॉफ्टवेअरात एक बटण आहे. शेजारच्यानं ते दाबलं की जागा पुन्हा "भरलेली" दिसते. रुबिनानं जोडीदारासाठी दिवसातून चार वेळा ते दाबलं असतं, तर खोलीवर ही पाळीच आली नसती.

सुनंदाताईंनी घास खाली ठेवला. "त्या बटणावर लिहिलंय, ‘माणूस जागेवर आहे.’ तिचा जोडीदार अनिल तर यार्डात. मग आहे असं कसं दाबायचं? मीच सगळ्यांना सांगितलं, खोटी हजेरी लावायची नाही. एकानंही लावली नाही." मग म्हणाल्या, "माझ्या शिस्तीनंच माझी खोली चाललीय, मॅडम. रात्री झोप लागत नाही."

मी माझा हात त्यांच्या हातावर ठेवला. दोघींचेही हात कालवणाचे होते.

पुन्हा न्हावा शेवा

सोमवारी मी प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसले आणि या वेळी खुर्च्या नाही, पेले बघितले. शनिवारी मी आंधळी होते की काय, असं वाटलं. अनिल उठला, चहाचा शेवटचा घोट घेतला, पेला विसळून पालथा घातला, हेल्मेट उचललं आणि गेला. रुबिनाची खुर्ची सरकली. त्याचा फोन वाजला, तिनं घेतला. "हां, अनिलभाऊ यार्डात आहेत, मला सांगा, कागद माझ्यासमोरच आहे." आपल्या कामाची एक खूण इकडे, त्याच्या कामाची एक खूण तिकडे. पलीकडे दुसरी जोडी, त्यापलीकडे तिसरी. बाहेर ते घराएवढे डबे एकामागून एक हलत होते, आणि ते हलत होते कारण या खोलीत निम्म्या खुर्च्या रिकाम्या होत्या.

पेल्याच्या तीन अवस्था: सुलटा, पालथा, कपाटात. आमच्या पहिल्या क्रमांकाच्या सॉफ्टवेअरला दोनच कळत होत्या. आणि मलाही.

त्या दुपारी तिथेच बसून मी आमच्या संकेतस्थळावर सगळ्यात वर लिहिलं की आमचा अहवाल चुकला आहे. आम्ही तो अशाच ऑफिसांत तपासला होता जिथे सगळे बसूनच काम करतात, आणि त्यावरून एखादी खोली बंद करत असाल तर थांबा. अहवालांत आम्ही चुका दुसऱ्यांच्या काढतो. पुण्याहून माझ्या भागीदाराचा फोन आला, "अगं, जरा गुळमुळीत लिहिता आलं असतं." मी म्हटलं, टोपलीवर बसताना मी गुळमुळीत बसले नव्हते. त्याला अर्थातच काही कळलं नाही.

तोच मजकूर मुख्य ऑफिसच्या साहेबांना पाठवला आणि सोबत एकच विनंती केली की अर्धा दिवस येऊन बसा. वाटलं होतं, उत्तरही येणार नाही. साहेब बुधवारी सकाळी आले. इस्त्रीचा शर्ट, हातात तक्त्याची छापील प्रत, चेहऱ्यावर घाई. वर आल्या आल्या त्यांनी समोरची चांगली खुर्ची ओढली, टेबलावरचा पालथा पेला उचलून बाजूला सारला आणि बसायला वाकले.

"साहेब," रुबिना म्हणाली. "ती जागा चालू आहे."

साहेब तसेच अर्धवट वाकलेले. त्यांनी हातातल्या पेल्याकडे पाहिलं, मग खोलीभर नजर फिरवली. टेबलावर पेला, पुढच्या टेबलावर पेला, त्याच्या पुढे पेला. तक्त्याची घडी करून त्यांनी ती खिशात घातली. पेला होता तिथे पालथा ठेवला, अगदी हळू. "मग मी कुठे बसू?" त्यांनी विचारलं.

सुनंदाताईंनी प्लॅस्टिकची खुर्ची आणली. साहेब अर्ध्या दिवसासाठी आले होते, ते दिवे लागेपर्यंत बसले.

मी त्याच संध्याकाळी निघाले. एक तारखेला सुनंदाताईंचा निरोप आला, दोन शब्दांचा: "खोली राहिली." कट्ट्यावर तोवर गावोगावची माणसं लिहू लागली होती. कुणाकडे खुर्चीच्या पाठीवर ओढणी, कुणाकडे चष्म्याचं रिकामं घर, कुणाकडे तिरपा ठेवलेला कीबोर्ड. इतकी वर्षं त्यांनी हे आम्हाला सांगितलं नव्हतं, कारण आम्ही विचारलंच नव्हतं.

ते वाचता वाचता मला एकदम मागांचा खडखडाट ऐकू आला. लहानपणी मी अण्णांचा डबा घेऊन कारखान्यात जायची. अण्णा जागेवर नसायचे, आणि त्यांचा माग मात्र चालू असायचा. मी सोलापूरला फोन लावला.

"अण्णा, तुम्ही चहाला जायचात तेव्हा तुमचा माग कोण बघायचं?"

"शिद्राम होता की शेजारी."

"तुमच्या जागी उभा राहायचा?"

"माझ्या जागी कशाला उभा राहील? दोन्हींच्या मधी उभा राहायचा. मी बी त्याच्यासाठी तसाच." मग काळजीच्या आवाजात त्यांनी विचारलं, "का गं? मी जागेवर नव्हतो म्हणून आता कोण म्हणतंय का?"

"म्हणत होतं," मी सांगितलं. "मीच म्हणत होते, अण्णा."